गप्प बसायचं ट्रेनिंग

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला बसला का? (उत्तर द्यायला लगेच फोन उचलू नकोस. फोनवर मला 'हॅलो'च्या पुढे जाताच येत नाही, म्हणून तर कागद घेतलाय.)

आत्या, मी पास झालो! सलूनमध्ये केस कापणारा तुझा भाचा आता पीअर एज्युकेटर आहे! म्हणजे आपल्याच वयाच्या पोरापोरींशी मास्तर न होता बोलायचं, अडचणीत त्यांची सोबत करायची. कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. तू कळवलं होतंस की तुझा धाकटा होस्टेलवर गेल्यापासून 'हो', 'नाही'पलीकडे बोलत नाही, तुला रात्र रात्र झोप नाही, तर माझ्या ट्रेनिंगचा काही उपयोग असला तर मी त्याच्या पोटातलं ओठावर आणावं आणि तुला सांगावं. तिकडे येतोच, पण आधी माझे काय हाल झाले ते ऐक.

रंगाच्या दुकानावरची खोली, गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पहिल्याच दिवशी ट्रेनरताई म्हणाल्या, सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. अगं, केस कापणारा आणि गप्प? कात्रीबरोबर जीभ चालली नाही तर आमचा हातच चालत नाही! (त्यात आपलं घराणं. आपल्याकडे पाळण्यातलं पोरही सल्ला देतं.) सरावात एक मुलगी म्हणाली, मैत्रिणीशी भांडण झालंय. तिचं बोलणं संपायच्या आत मी भांडण मिटवून, मैत्रीण बदलून, वर तिला केस खांद्यापर्यंत ठेवायला सांगून मोकळा! ताईंनी कपाळाला हात लावला आणि कामाच्या जागी सराव करा म्हणाल्या.

केला की! पहिलं गिऱ्हाईक बँकेतले साहेब. गालाला फेस लावला, वस्तरा उघडला, विचारलं, "सध्या मनात काय चाललंय?" आणि शिकवल्याप्रमाणे त्यांच्याकडे बघत थांबलो. ते आरशातून माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे, वस्तरा हातात तसाच. शेवटी घाबरून म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी समजूतदारपणे मान हलवली. (मान हलवायचंही शिकवलंय.) साहेब अर्ध्या गालावर फेस घेऊन जे पळाले, ते गळ्यातल्या कापडासकट. मालकांनी मला असं झापलं की शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत होता. दोन दिवस नुसता झाडू मारला.

पण मग वस्तरा खाली ठेवून विचारायला लागलो, आणि काय सांगू आत्या, माणसं बोलतात गं! खुद्द मालक, ज्यांच्या तोंडून शिव्यांखेरीज काही ऐकलं नव्हतं, शटर ओढता ओढता पायरीवर बसून माझ्याशी तासभर बोलले. (काय ते विचारू नकोस. इथलं इथेच ठेवायचं, हा आमचा मोठा नियम.) परीक्षेत एका अनोळखी पोराचं सगळं म्हणणं ऐकलं, एकही सल्ला दिला नाही. जीभ चावून चावून दोन दिवस तिखट खाता येईना, पण ताईंनी पाठ थोपटली. मला इतका आनंद झालाय की काय लिहू!

हात दुखायला लागला. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
हल्ली कमी बोलणारा भाचा

ता. क. धाकटा येऊन गेला. दुकान रिकामं होतं. खुर्चीत बसला, मी एकच प्रश्न विचारला आणि थांबलो. खूप थांबलो. मग तो बोलला, रडला, मीही रडलो (हे ट्रेनिंगमध्ये नाही). काय बोलला ते सांगणार नाही. माझ्या बाबांना मध्ये घालू नकोस, मला शपथ घालू नकोस. तब्येत चांगली आहे, घाबरण्यासारखं काही नाही, एवढंच कळवायची त्याची परवानगी आहे. रविवारी घरी येऊन बाकीचं तो स्वतःच तुला सांगणार आहे.

आणखी एक ता. क. त्याची एक अट आहे, आणि खरं तर पत्र त्यासाठीच. त्याचं बोलून होईपर्यंत तू बोलायचं नाहीस. आत्या, गेल्या सुट्टीत त्याने तीनदा सांगायला तोंड उघडलं होतं म्हणे, तिन्ही वेळा त्याचं वाक्य तूच पुरं केलंस. तुझ्या जिवावर येईल, ठाऊक आहे. तोंडात लिमलेटची गोळी धर. चघळ, पण चावू नकोस. ती संपली आणि त्याचं संपलं नाही, तर दुसरी धर. सोबत अख्खा पुडा पाठवतोय.