यवतमाळला आणलेली वाटी

माय, तुझी चांदीची वाटी सध्या माझ्याकडे आहे, यवतमाळला. माझ्या उष्टावणासाठी तू ती वणीच्या सोनाराकडून घडवून घेतली होतीस. आपल्या राजूरच्या हवेत चांदी टिकत नाही. खाणीच्या धुरानं पैंजण असो की वाटी, बघता बघता काळवंडते. म्हणून तू मोरीजवळ पाटावर बसून, लुगड्याच्या चिंधीवर दात घासायची पांढरी पावडर घेऊन ती गोल गोल घासत बसायचीस आणि धुऊन फळीवर पालथी घालायचीस. एकदा मी हौसेनं तारेची घासणी घेतली तर हातावर चापट बसली. "चांदी हाय ते पोरी, कढई नाई!" तू तेव्हा खरंच चिडली होतीस.

तू गेल्यावर वाटी काळी पडलीच नाही. इतकी वर्षं मी समजत होते, बाबा घासत असतील. यंदा दिवाळीत गेले तर त्यांना शर्टाचं बटणही लावता येईना, हात थरथरतात. मग वाटी कोण घासतं, विचारलं. बशीत चहा ओतत, शेजारणीबद्दल बोलावं तसं म्हणाले, "तुही माय येते ना. घासते, पालथी घालते, जाते." मला हसू आलं आणि अंगावर काटाही.

डॉक्टर म्हणतात, त्यांच्या छातीत धूळ बसली आहे, राजूरहून हलवा. मी किती विनवलं. बाबांचं एकच, "तिले तुहं यवतमाळचं घर मालूम नाई. मी तिकडं आलो तं ते इथं येऊन कोणाले पाहीन?" हट्टीपणात मी तुझीच लेक. म्हटलं, "वाटी माह्यासंगं देऊन पाहा, बाबा. तिकडं चमकत राह्यली तं मायले घर सापडलं समजा, अन् तुमी या." ते विचार करून म्हणाले, "अन् काळी पडली तं मी येत नसतो." मी मनात म्हटलं, पडेना का, घासायला मी आहेच.

इथं ना खाण, ना धूर, तरी चार दिवसांत वाटी तव्यासारखी झाली. पावडर आणायची आज-उद्यावर ढकलत राहिले. आज सकाळी चहा ठेवायला गेले तर वाटी ओट्यावर पालथी होती, लख्ख, आणि तिच्याखाली पाण्याचं ओलं कडं. ओट्याला त्या पावडरीचा वास होता. हे ड्युटीवर बाहेरगावी गेलेत, घरात मी एकटी आणि दाराची कडी आतून लावलेली.

मी तशीच उभी असताना बाबांचा फोन आला. धाप लागून शब्द तुटत होते. "काल ते आली नाई. तिकडं आली काय?"

मी नुसतं हो म्हटलं असतं तर ते आजच एसटीत बसले असते. वाटी मी त्यासाठीच आणली होती. पण तिच्याकडे बघत मी म्हणाले, "नाई बाबा. काळीच हाय." ते खोकत राहिले आणि त्यांनी फोन ठेवला.

मला वाटायचं, तू कधी परत आलीस तर गळ्यात पडून रडेन. पण माय, मला तुझी भीती वाटली.