हंडे फोडल्याची म्हण

आई, दुरूनच तुह्या पाया पडते.

जेवन टायमावर होते, काळजी करू नको. बाबाचा खोकला कमी झाला काय?

इथं हाँगकाँगात कामावरच्या लोकायशी बोलता यावं म्हनून मी कँटोनीज शिकून राह्यली. काल वर्गात बाईनं जिद्दीची एक भारदस्त म्हन शिकवली, ‘हंडे फोडले, नावा बुडवल्या.’ म्हंजे परतीची वाटच ठेवली नाही. कोनाले लावसान, तिनं विचारलं. मी उभी राहून म्हनलं, “मले.” साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या.

आई, तू देल्लेला भाकरीचा तवा तवरिक बॅगेत भरून झाला होता. इथं जीव लागत नाही. परतीचं तिकीट मी परवाच काढलं. त्या टाळ्या आठोल्या का मान वर होत नाही.

केनवडात तू पोरगी रमली म्हनून सांगत असशीन. बाबाले मात्र एवढंच सांगजो, तवा साबूत हाये.

तुही,
वैजयंती