नोंदवही सापडली त्याची नोंद

सरकारी खिडकीपाशी तासन् तास ताटकळून शेवटी "उद्या या" एवढंच ऐकून परत फिरलेल्या माझ्या तमाम बांधवांनो (आणि त्या बांधवांपैकी हे पत्र वाचायला सध्या तू एकटाच मोकळा आहेस, म्हणून) तीर्थरूप दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची पाठ कशी आहे? दोघांच्याही तब्येतीची चौकशी मनापासून करतो आहे, उरकून टाकण्यासाठी नव्हे, हे पत्राच्या शेवटी तुझ्या लक्षात येईल. गेल्या वर्षी तू हयातीचा दाखला मागायला स्वतः गेला होतास आणि "संबंधित व्यक्तीला घेऊन या" असं सांगून त्यांनी तुला परत पाठवलं होतं. त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो की हे राज्य माणसांचं नसून कागदांचं आहे. तू तेव्हा मला "जरा हळू बोल" म्हणालास. आज मी हळूच बोलतो आहे, पण लेखी.

तुला ठाऊक आहे की नगर वाचनालयात मी नऊ वर्षं सहायक आहे. ग्रंथपाल निवृत्त झाले. त्या जागेसाठी मी अर्ज करायचा ठरवला, आणि मी नाही तर दुसरा उमेदवार कोण, तर जो पुस्तकं रंगावरून लावतो तो. (त्याने मागे सगळे लाल ग्रंथ एका कपाटात घातले. इतिहास, पाकशास्त्र आणि दातांचे विकार एकमेकांना खेटून बसले होते. वाचकांना ते आवडलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.) अर्जाला पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडायचा असतो आणि अर्जाची मुदत या शनिवारी संपते. पंचावन्न वर्षं मी चांगला वागत आलो ते कोणी विचारेल म्हणून नव्हे, पण पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, म्हणून मी तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या उमेदीने चौकीत गेलो. हवालदारांनी माझ्याकडे बघून "बुधवारी या" असं सांगितलं. वार तरी सांगितला, म्हणून मला ती प्रगती वाटली.

अर्जाला फोटो लागतो म्हणून तिथून मी केस कापायला गेलो. आपला केशकर्तनकार बुटक्या गिऱ्हाइकांना खुर्चीत जाड काहीतरी घालून वर उचलतो. (माझी उंची तुला माहीत आहे. त्यावर या पत्रात चर्चा नको.) पूर्वी तो जुनी मासिकं घालायचा. या वेळी खाली काहीतरी टणक लागलं. केस कापून झाल्यावर उठून पाहतो तर लाल कापडी बांधणीची, विटेएवढी जाड वही, आणि तिच्यावर शिक्का: पोलीस चौकी, सापडलेल्या वस्तूंची नोंदवही. मी विचारलं, "ही इथे कशी?" तो म्हणाला, "चार दिवस झाले, दाढी करायला आलेलं कोणीतरी विसरून गेलं. पण बैठक काय छान झालीये की नाही?"

दादा, माझ्या जागी दुसरा असता तर तिथेच ठेवून निघून गेला असता. मी ती वही छातीशी धरली आणि भर उन्हात चौकीत घेऊन गेलो. वाटेत मनात असंही आलं की चांगल्या वर्तणुकीचा याहून ढळढळीत पुरावा कोणता असणार. खोटं कशाला बोलू, तो विचार चौकीपर्यंत माझ्याबरोबर चालत होता.

चौकीची खोली तू पाहिलेली आहेस. एक टेबल, एक पंखा जो फक्त टेबलाकडे वारा घालतो, आणि एक बाक जिथे तो पोचत नाही. हवालदार गुळगुळीत दाढी करून बसले होते.

"काय काका, बुधवार झाला का?"

"नाही. मला एक वस्तू सापडली आहे. वही."

"बरं, थांबा. नोंद केल्याशिवाय सापडलेली वस्तू घेता येत नाही." असं म्हणून त्यांनी खण उघडला, टेबलाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, डब्याची पिशवी उचलून पाहिली. मग म्हणाले, "नोंदवही दिसत नाहीये."

"ही काय."

"ती नाही हो. ती सापडलेली आहे. आम्हाला आमची पाहिजे."

"ही तुमचीच आहे. शिक्का बघा."

त्यांनी हात न लावता, मान वाकडी करून शिक्का वाचला. "असेल. पण नोंद होईपर्यंत ती तुमच्या ताब्यातली वस्तू. आणि नोंद वहीत होते."

मी विचारलं की मग वही हरवल्याची नोंद तरी करता का. ते म्हणाले, हरवलेल्या वस्तूंची वही वेगळी आहे, ती सुखरूप आहे, पण तिच्यात चौकीची वही हरवली असं लिहायचं तर कोणी हरवली, कुठे हरवली, तेही लिहावं लागेल. एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आता मी गप्प बसायला हवं होतं, असं आमच्या घरातल्या एका व्यक्तीचं मत आहे. पण बाकावर तीन नागरिक बसलेले होते, आणि तीन नागरिक समोर असताना मी गप्प बसलोय असं तू कधी पाहिलं आहेस? मी बाकाच्या टोकावर चढलो. मी म्हणालो की जी यंत्रणा सापडलेलं घेत नाही आणि हरवलेलं मान्य करत नाही, तिच्या हाती आपण घरादाराची राखण सोपवून झोपतो. मी म्हणालो की प्रामाणिकपणाला आपल्याकडे जागा नाही, निदान टेबलाच्या या बाजूला नाही. मी म्हणालो की जबाबदार माणूस अशी वही गालाला साबण लावायला जाताना नेत नाही, आणि माझ्याकडे ती असती तर मी तिला उशाशी घेऊन झोपलो असतो. तिघांपैकी जो झोपला होता तो जागा झाला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. बाकीचे दोघे बाकाचं दुसरं टोक वर उचललं जातंय म्हणून घट्ट धरून बसले होते.

हवालदारांनी शांतपणे एका तिसऱ्याच वहीत काहीतरी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. माझं नाव, पत्ता, "सरकारी नोंदवही ताब्यात बाळगून आहे, बाब प्रलंबित." बाब प्रलंबित असलेल्या माणसाला वर्तणुकीचा दाखला देता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आवाजात जराही राग नव्हता. उलट, "पाणी हवंय का काका, घसा कोरडा पडला असेल" असं विचारलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

बुधवारी गेलो तेव्हा तेच. पुढच्या सोमवारी गेलो तेव्हाही तेच. या अवधीत त्या वहीचं काय झालं ते ऐक. केशकर्तनकाराच्या दुकानात बातमी गेली म्हणजे गावभर गेली. गुरुवारी सकाळी एक अनोळखी बाई दारात उभ्या. हातात डाव्या पायाचा बूट. "चौकीत गेले होते, ते म्हणाले वही तुमच्याकडे आहे, तिकडेच द्या." मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं की हे खाजगी घर आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, बूट उंबऱ्यात ठेवला आणि गेल्या. मग मी काय करणार? वही उघडून नोंद केली.

त्यानंतर एक शिडी आली. (शिडी हरवते कशी, हे मला अजून कळलेलं नाही. वर गेलेल्या माणसाचं काय झालं?) कवळी आली. भिंतीवरचं घड्याळ आलं, चालू. सहा छत्र्या आल्या. एक पोपट आला, पिंजऱ्यासह, जो दिवसभर "दार लाव" एवढंच म्हणतो, आणि इतक्या अधिकाराने म्हणतो की मी दोनदा उठून दार लावलं. बैठकीच्या खोलीत आता बसायला जागा नाही. आमच्या मंडळींनी पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी शिडीवर कपडे वाळत घातले.

आणि एक कबुली देतो. मला ते काम जमायला लागलं. चौकीच्या नोंदी किती गलथान होत्या म्हणून सांगू. "एक पिशवी. काळी." एवढंच. मी रकाने आखले. रंग, आकार, सापडल्याची जागा, सापडणाऱ्याची मनःस्थिती. येण्याची वेळ सकाळी दहा ते बारा ठरवली, तशी पाटी दारावर लावली. सव्वाबाराला एक गृहस्थ चष्मा घेऊन आले तेव्हा मी त्यांना उद्या यायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला ओळखीची वाटली. कुठे पाहिली ते आठवेना. आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, "आरशात."

या सोमवारी तर खुद्द हवालदार आले. त्यांना गस्तीवर एक हातमोजा सापडला होता. रांगेत दोन माणसं होती, ते तिसरे उभे राहिले. पाळी आल्यावर मी विचारलं, सापडला तेव्हा आपण तिथे काय करत होता? एकच का, दुसरा कुठे आहे? हा हातमोजा हरवलेला आहे कशावरून, कोणी ठेवलेला कशावरून? ते घामाघूम झाले. पंखा माझ्याकडे होता. शेवटी हळूच म्हणाले, "काका, वही द्या ना परत. मोठे साहेब विचारायला लागलेत."

"देतो की. नोंद करून घ्या."

दुपारी मोठे साहेब स्वतः आले. बसायला जागा नव्हती म्हणून शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसले. सगळं ऐकून घेतलं. माणूस विचारी आहे, हे मला मान्य करावं लागेल. म्हणाले, वही सध्या तुमच्याकडे आहे, नोंदीही तुम्हीच करता आहात, तर तुम्हीच या वहीत लिहा की ही वही सापडली. मग ती रीतसर नोंदलेली सापडलेली वस्तू होईल. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता चौकीत आणून द्या, मी मिळाल्याची सही करतो, प्रलंबित बाब मिटली, दाखला तिथल्या तिथे. मी त्यांच्यादेखत लिहिलं: अनुक्रमांक सत्तेचाळीस, वस्तू: हीच वही, रंग लाल, सापडल्याची जागा: लेखकाच्या खाली. साहेबांनी वाचून मान डोलावली. जाताना पोपट म्हणाला "दार लाव" आणि साहेबांनी लावलं.

तेव्हा दादा, विजय झाला. एकट्या नागरिकाने, हातात केवळ सत्य आणि एक पेन घेऊन, चौकीला वाकवलं. जो माणूस दिलेली वस्तू जपतो, जिथली तिथे पोचवतो, त्याला अखेर न्याय मिळतो, हे मी ग्रंथपाल झाल्यावर पहिल्याच भाषणात सांगणार आहे. तुझ्या आशीर्वादाची वाट पाहतो. वहिनींना नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. वहिनींचं विणकाम कसं चाललंय? विटकरी रंगाचं, बिनबाह्यांचं, पाठ पूर्ण आणि पुढचा भाग अर्धा, असं काही त्या तुझ्यासाठी विणत होत्या का? त्यांनी कालपासून ते शोधलं का? सहज विचारतो.

दुसरा ता. क. सहज नाही. परवा संध्याकाळी मी नोंद क्रमांक सत्तेचाळीस तुला दाखवायला मुद्दाम वही घेऊन आलो होतो. तू गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेला होतास. वहिनींनी चहा दिला, मी त्यांना जबाबदारी या विषयावर थोडं ऐकवलं, आणि निघताना खुंटीवरची माझी कापडी पिशवी घेतली. खुंटीवर तशाच दोन होत्या. घरी येऊन उघडली तर आत दोन सुया आणि वर वर्णन केलेलं स्वेटर. आज गुरुवार. फोन केला असता, पण तुझा फोन वहिनी उचलतात, आणि वहिनींना कळलं की पाच मिनिटांत आमच्या मंडळींना कळेल, आणि बाकावरचं माझं भाषण त्यांना पाठ आहे. म्हणून हे पत्र समोरच्या शिंप्याच्या हाती पाठवतो आहे, तो तुमच्याच बाजूला निघालाय. उद्या अकराला साहेब सहीला बसतील, परवा मुदत संपेल, आणि सोमवारी ग्रंथ रंगावरून लागतील.

तिसरा ता. क. तेव्हा शिंप्याला दारातच थांबव, वहिनी आपली समजताहेत त्या खुंटीवरच्या पिशवीत हात घाल, लाल वही काढ, आणि आजच्या आज त्याच्याच हाती मला पाठव. चांगुलपणा म्हणून परस्पर चौकीत मात्र नेऊन देऊ नकोस. ते घेणार नाहीत.