थंड दाढ

४ नोव्हेंबर २००६
कुडपणहून पोलादपूर, तिथून एसटीने महाड. सून माधुरी स्टँडवर घ्यायला आली होती. मुलगा भरत मुंबईला. ती इथे चिवड्याच्या कारखान्यात पाकिटं भरते. तिनेच साहेबांकडे शब्द टाकून मला झाडलोटीचं काम मिळवलं. खोली बरी आहे, नळाला पाणी येतं. वाटभर ती बोलत होती. रविवारी सवच्या गरम झऱ्यावर नेते म्हणाली, गुडघे शेकायला. बायको गेल्यापासून घरात एवढं बोलणं कानावर पडलं नव्हतं. बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
पाकिटाचं तोंड मिटायला नवं यंत्र आलं आहे. लोखंडाच्या दोन दाढा, भराभर मिटतात. त्या तापत नाहीत, नुसत्या आवाजाने प्लास्टिक चिकटतं. यंत्र चालवणाऱ्या चंदनने मिटलेलं पाकीट माझ्या गालाला लावलं. गार. हा आवाज माणसाला ऐकू येत नाही म्हणाला. मला येतो, मी सांगितलं. त्यावर पाकिटं भरणारी रंगूबाई म्हणाली, "आजोबांना शेपूट हाय का बघा गो." बायका हसल्या.

१३ नोव्हेंबर
आवाज दातांत बसतो. खोलीवर आलं तरी जात नाही. जेवण नको वाटतं. रंगूबाई गप्प झाली आहे. आता माधुरीही. चहा हवा का, हे हाताने विचारते. चंदन म्हणतो, थकल्या असतील. थकलो मीही आहे, पण बोलतो तरी.

१६ नोव्हेंबर
वाकडी मिटलेली पाकिटं फाडून चिवडा परत ओतायचा, हेही माझंच काम. आज एक फाडलं तर आतून माधुरी म्हणाली, "मामंजी, चहा ठेवू का?" तेवढंच. पाकीट कानाला लावलं. रिकामं. माधुरी समोर उभी होती. ओठ हलले नव्हते.

१८ नोव्हेंबर
आमच्याकडे गुरं रानात सोडताना वाघाची दाढ बांधतात, त्याचा जबडा उघडू नये म्हणून. काळ्या दोऱ्याला गाठ मारायची, दाढ मिटो म्हणायचं, गुरं वाचतात. मी पुष्कळदा बांधली आहे. आज जेवणाच्या सुट्टीत यंत्राची बांधली. सुनेची वाचा राहू दे, एवढंच मागितलं.

१९
चुकलं. वाघ तोंड उघडून खातो. हे मिटून खातं. आणि मी मिटो म्हणालो —
चंदनने वीज तोडली. आवाज चालूच. मला काही सांगायला आला, नुसते हात हलवत राहिला.

२०
गाठ सुटत नाही. सोडताना दाढ उघडो असं मोठ्याने बोलावं लागतं. माझे ओठ एका बाजूने — गार —
माधुरीच्या तोंडाला फट उरली नाही. बारीक रेघा, पाकिटावर असतात तशा. कडेला फाडायची खाच.
माझं बोट तिने खाचेवर ठेवलं आहे. फाडा, डोळ्यांनी म्हणते. पण पाकीट फाडल्यावर आत काय राहतं — मी दुसऱ्या हाताने लिहितो आहे — नको म्हणायचं होतं, तोंड — तिनेच बोट ओढ