तुमची पेन्सिलीतली चिठ्ठी

दादा, पहिली पाळी करून तुम्ही नागापूरच्या कारखान्यातून घरी आलात, की आधी मोरीत बसून रॉकेलात बुडवलेल्या चिंधीने एकेक बोट पुसायचात. लेथवरच्या तेलाचं काळं नखांतून काही जायचं नाही, पण वर्षातल्या त्या तीन दिवसांत तुम्ही ते घालवायचा हट्ट धरायचात. आई चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "लगीन हाय का कुनाचं?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "व्याख्यान हाय. विद्यापीठाचं." मग पांढरा शर्ट, केसांना पाणी, खिशात दुरेघी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. सायकलवर तुम्ही पुढे, मागे कॅरिअरवर मी. आज इतक्या वर्षांनी त्या मोरीतला रॉकेलचा वास आठवला आणि म्हटलं, बसावं लिहायला.

कॉलेजच्या सभागृहात थंडीच्या दिवसांत ही व्याख्यानं व्हायची. विद्यापीठ वक्ते पाठवायचं, आणि कॉलेजात न शिकणाऱ्या माणसांनीही येऊन ऐकावं, अशी ती योजना होती. पण येत कोण? प्राध्यापक, वकील, निवृत्त शिक्षक, हजेरीसाठी बसवलेली मुलं, आणि तिसऱ्या रांगेत कडेला तुम्ही. धर्म आणि विज्ञान, बुद्धाची करुणा, हुंड्याचा प्रश्न, गावातलं बदलतं राजकारण, सगळं तुम्ही सारख्याच लक्षाने ऐकायचात. घरी येताना वक्त्याचा निकाल लावायचात, तोही कारखान्यातल्या भाषेत. "फिनिशिंग लई झ्याक, पन माप चुकलं." किंवा, "ह्यो मानूस सूतभर हलला न्हाई बघ." एकदा एक वक्ते दोन तास बोलले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जॉब तयार झाल्ता, तरी गडी मशीन बंद करंना." मी कॅरिअरवर इतकी हसले, की सायकल डगमगली. रात्री जेवणाआधी तुम्ही वहीत त्या दिवसाचं एकच वाक्य लिहायचात. तेवढंच. मी पानंच्या पानं लिहून आणायची आणि आठवड्यात विसरायची.

मला कॉन्व्हेंटात घातलंत ते तुमच्या हट्टाने. सिस्टरांनी मला समास सोडून लिहायला शिकवलं, निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो हे शिकवलं, आणि खाडाखोड म्हणजे घाण हेही शिकवलं. ते सगळं मला आयुष्यभर उपयोगी पडलं. फक्त एका संध्याकाळी ते मी नको तिथे वापरलं. मी तेव्हा बी.एड. करत होते, आणि सभागृहात पुढच्या रांगेत माझ्याच दोन प्राध्यापिका बसल्या होत्या.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशीचा विषय धर्मांतर आणि समाज असा होता. शेवटी प्रश्न विचारायची रीत तुम्हाला पाठ होती. उभं राहून बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव घालायचं आणि रांगेतून पुढे सरकवायचं. इतकी वर्षं तुम्ही इतरांच्या चिठ्ठ्या पुढे सरकवल्या होत्या. त्या दिवशी तुम्ही स्वतः लिहायला घेतलं. मांडीवर वही, पेन्सिल जिभेला लावून, एकेक अक्षर कोरत. मग चिठ्ठी माझ्या हातात दिलीत आणि हळूच म्हणालात, "बघ गं माय, बराबर हाय का."

ती चिठ्ठी माझ्यासमोर आहे. "सायेब, आमच्या आईनं दीक्षा घेतली तवा घरातले देव कोल्हारला प्रवरेत सोडले. येक चांदीचा टाक मागं ठेवला. तो तिच्या सासूचा हाय, सासू मेल्यावर केल्याला. आई ज्वारीच्या कनगीत ठेवायची. आता आई न्हाई. टाक माज्याकडं आला. मी पूजा करत न्हाई. तर त्याला देव म्हनावं का नातलग म्हनावं? ठेवावा का सोडावा?" आणि खाली तुमचं पूर्ण नाव, गावासकट.

आजी गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. कणगी रिकामी करताना तो बोटभर चांदीचा पत्रा निघाला, त्यावर एका बाईची ठोकून उठवलेली आकृती. तेव्हापासून तो तुमच्या डब्याच्या पिशवीत होता, रोज कारखान्यात जाऊन परत येत होता. घरात ठेवला तर दीक्षेला बाधा, नदीत सोडला तर आईने इतकी वर्षं जपलेलं वाहून गेलं. तुम्ही कुणापाशी बोलला नव्हतात. चार महिने तुम्ही या व्याख्यानाची वाट बघत होतात, हे मला कळायला हवं होतं.

मला काय दिसलं? "हाय" दिसलं, "न्हाई" दिसलं. कनगी दिसली. आता हे सगळं माईकवरून वाचलं जाणार आणि प्राध्यापिका वळून बघणार, हे दिसलं. मी म्हटलं, "दादा, अक्षर लागायचं नाही त्यांना, मी नीट उतरवून देते." तुम्ही मान डोलावलीत. मी लिहिलं: "धर्मांतरानंतर पूर्वपरंपरेतील प्रतीकांचे सांस्कृतिक स्थान कोणते?" खाली नाव घातलं नाही. चिठ्ठी पुढे गेली, तुमची माझ्या वहीत राहिली.

वक्ते खूश झाले. "अत्यंत मार्मिक प्रश्न," म्हणाले, आणि त्यावर चांगली दहा-बारा मिनिटं बोलले. तुम्ही मन लावून ऐकलंत, टाळ्याही वाजवल्यात. बाहेर सायकलचं कुलूप काढताना म्हणालात, "माजी चिठ्ठी आलीच न्हाई गं."

"वेळ संपली असेल, दादा."

"असंल. त्या परतीकवाल्यानं काय प्रश्न इचारला पन! लई शिकल्याला मानूस असनार."

मी कॅरिअरवर बसले. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही कारखान्यातून एक पितळी डबी आणलीत. भंगारातला तुकडा साहेबांना विचारून घेतला होता, जेवणाच्या सुट्टीत लेथवर लावला होता. झाकण असं बसवलेलं, की फिरवताना रेशमासारखं फिरे. टाक तिच्यात ठेवलात आणि डबी पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्ड आणि लग्नाचा फोटो असतो तिथे. आईने विचारलं, "आता ह्याला हळदकुकू?" तुम्ही म्हणालात, "म्हातारीला कोन हळदकुकू लावतंय? आपल्या मानसांत ठिवली, बास." विद्यापीठाला जमलं नाही ते तुम्ही एका सुट्टीत केलंत. मला किती हायसं वाटलं, दादा. वाटलं, झालं, मिटलं.

पण त्यानंतरची सगळी वर्षं तुम्ही व्याख्यानांना गेलात आणि पुन्हा कधी चिठ्ठी लिहिली नाहीत. तुम्ही गेल्यावर मी दुरेघी वही उघडली. त्या तारखेला तुमचं वाक्य आहे: "चांगलं बोलले. माजं राहिलं."

मी सुखात आहे. शाळेतून निवृत्त झाले, गुडघे सोडले तर तक्रार नाही. गेली तीन वर्षं त्याच सभागृहात प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आहे. यंदा एका बाईची चिठ्ठी आली, "आमी" आणि "हुतं" असलेली. मी ती होती तशी वाचली. मागे दोघं-तिघं हसले. वक्त्या मात्र हसल्या नाहीत. हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, "या बाई कुठे बसल्यात? मला त्यांच्याशीच बोलायचंय."

घरी येऊन मी ट्रंक काढली. कुणाला काय द्यायचं ते आता ठरवून टाकते. तुमचं माप घ्यायचं व्हर्निअर कॅलिपर भावाच्या मुलाला, तो नागापूरलाच आहे आणि त्याला त्याची किंमत कळते. दुरेघी वह्या कॉलेजच्या ग्रंथालयाला, पण "माजं राहिलं" असलेली सोडून. ती माझ्या लेकीला. डबी टाकासकट सुनेला, कारण ती टाकातल्या बाईला आल्या दिवसापासून "पणजीबाई" म्हणते आणि तुमच्याच जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसते. पांढरा शर्ट कुणालाच नाही, तो माझ्या कपाटात राहील. आणि पेन्सिलीतली चिठ्ठीही लेकीला. पुढच्या हिवाळ्यात तिने ती माईकवरून वाचावी, एक काना न बदलता, खालच्या नावागावासकट. मीच वाचायला हवी होती. यंदा तिन्ही दिवस ती माझ्या पर्समध्ये होती, दादा. मी पर्स उघडली नाही.