गच्चीवाल्यांचा अर्धवट गेम

३ फेब्रुवारी
वही घेऊन पंधरा दिवस झाले, आज उघडली. रोज लिहू म्हणायचो आणि दाल-पकवान खायला निघून जायचो. तर, काम मिळालं! उल्हासनगर, कॅम्प तीन. खाली जीन्स धुण्याचा कारखाना, वर गेम बनवणाऱ्या महेंद्रदादांची खोली, आणि दिवसभर गेम खेळायचा. बदलापूरचा ‘गच्चीवाले’ बँड होता ना, सुजित, पुष्कर आणि वैष्णवी, त्यांना उड्या मारत पुढे न्यायचा गेम. बँड फुटला, गेम अर्ध्यात रद्द. दादांना तो आता मोबाईलवर आणायचाय. मी एकेकाला मुद्दाम खड्ड्यात पाडायचं आणि परत वर येतो का बघायचं. आईला सांगितलं, तर म्हणाली, ह्याला काम म्हणतात का रे मेल्या?

५ फेब्रुवारी
सुजितला पाडला, तो वर आलाच नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला त्याच्या चेहऱ्याचा चौकोन काळा पडला. चूक नंबर एक म्हणून नोंदवली. दादा खूश, म्हणाले असंच बारीक बघत जा.

६ फेब्रुवारी
खरा सुजित गेला. काल, बदलापूरला हेंद्रेपाड्यात, गच्चीवरून पडून. दादा रडत होते. मी नुसताच चहा आणला.

८ फेब्रुवारी
गेममधल्या पुष्करला फळीवर उभा ठेवून खाली जीन्स बघायला गेलो. दहा मिनिटं, जास्त नाही. आलो तर चौकोन काळा. दुपारी फोन आला — खरा पुष्कर जिन्यावरून पडला, जागीच गेला. दादांना सगळं सांगितलं. तुझं डोकं फिरलंय म्हणाले, आणि मयताला बदलापूरला गेले. पाडणारा मीच ना?

९ फेब्रुवारी, सकाळ
गेम आपोआप चालू. वैष्णवी उभी. बंद करायला हात नेला तर पायाखालची फळी सुटली — कशीबशी उडी मारायला लावली तिला. प्रत्येक फळी वीस मोजेपर्यंत टिकते. तेवढ्यातच लिहितो. पुढे जमीन नाही. काढलीच नव्हती, त्याआधीच गेम गुंडाळला —
खऱ्या वैष्णवीला फोन लावला. जमिनीवर बसून राहा म्हटलं. दारू प्यायलायस का, म्हणाली. कट.

दुपार
पाणी नाही. बोटं वळत नाहीत. अठरा, एकोणीस — उडी.
दादांचा फोन लागत नाही. उरल्यात तीनच फळ्या.
दोन.
जिन्यात कोणीतरी — दादा नाहीत.
वैष्णवी. स्वतः आलीये, बदलापूरहून, मला झापायला. पडदा बघून हसतेय. म्हणते, दे इकडे, मलाच मी नाचवते. कंट्रोलर ओढतेय. अगं नको, सोळा झाले, सत