बूढापाऱ्यातली स्पॅनिश

बाई,

अंड्यांचा तुमचा तवा गॅलरीत राहायचा. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी तुम्ही तो कधी स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. गॅलरीतच एक छोटा स्टोव्ह, त्यावर तो काळाकुट्ट तवा आणि तव्यात बटाट्याच्या चकत्या घालून केलेलं जाडजूड स्पॅनिश ऑम्लेट. आत ओट्यावर पोळ्या, बाहेर माद्रिद. मी उंबऱ्यावर बसून क्रियापदं म्हणतेय आणि तुम्ही तव्यावरची नजर न हलवता माझ्या चुका काढताय. खाली बूढापाऱ्याच्या गल्लीत स्कूटरवाले एकमेकांवर खेकसताहेत, तळ्याकडून वारा आला की स्टोव्ह फडफडतोय, आणि मला वाटतंय की या घडीला अख्ख्या छत्तीसगडात हे शब्द फक्त आपल्या दोघींच्या तोंडून निघत असतील. त्या विचाराने तेव्हा अंगावर काटा यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

राज्य नवं नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून जो तो काहीतरी होण्याच्या तयारीत होता. कुणी घराला मजला चढवत होतं, कुणी दुकानाच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहून घेत होतं. तुम्हीही जिन्यापाशी पाटी लावलीत, 'यहाँ स्पेनिश सिखाई जाती है', आणि बूढापाऱ्याला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. माझे बाबा उरल्याच्या एका कारखान्यात फिटर, आम्ही बीरगांवला राहायचो, आणि बाबा बाजाराला आले असताना त्यांना ती पाटी दिसली. घरी येऊन म्हणाले, "इंग्लिश तं सारेच शिकून राहिले. जे कोनालेच येत नाही, ते शिक तू." शेजारच्या काकूंनी कपाळावर हात मारला. "स्पॅनिश? ते तं बैलासंग लढतेत म्हने. अन् नाचतेत. पोट्टीले काहून धाडता जी तिकडं?" माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं मत असं की इंग्रजी सिनेमात जे जे लोक अफू-गांजा विकतात ते स्पॅनिश बोलतात, तेव्हा ती शिकून मी नेमकं काय विकणार आहे? फ्रेंच म्हटलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. जर्मन म्हटलं असतं तर इंजिनिअर होणार म्हणाले असते. स्पॅनिशच्या नशिबी बैल आणि गुंड.

तुम्ही यावर हसायचात, पण तुमच्याकडेही तुमचे बैल होतेच, बाई. यजमान माद्रिदच्या दूतावासात कारकून होते तेव्हा तुम्ही तिथे घरमालकिणीकडून भाषा शिकलात, आणि भाषेबरोबर तिची मतंही उचलून आणलीत. स्पॅनिश म्हणजे स्पेनची. समुद्रापलीकडे, दक्षिण अमेरिकेत वगैरे बोलतात ती खेडवळ. 'धन्यवाद' म्हणताना जीभ दातांत धरून 'ग्राथियास' म्हणायचं, 'ग्रासियास' नाही. एकदा मी सायबर कॅफेत ऐकलेलं एक मेक्सिकन गाणं गुणगुणत जिना चढले. तुम्ही दार उघडलंत आणि दारातच उभं केलंत. "ही मोलकरणींची स्पॅनिश. माझ्या घरात नको." मी घाबरून म्हटलं, "मले माहीत नव्हतं, बाई." त्यावर तुमचा आवाज आणखी खाली गेला. "आणि 'मला' म्हण. 'मले' म्हणणाऱ्या मुलीला कुणी खुर्ची देत नाही." तुम्ही स्वतः वऱ्हाडातल्या, अचलपूरकडच्या आहात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमची मराठी अशी होती की तुम्ही जन्मापासून सदाशिव पेठेत राहत असाल असं वाटावं.

एके दिवशी दुपारी आपण भविष्यकाळ करत होतो. जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात बाबा, कारखान्याच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस तसंच. त्यांच्याकडे नवी मशीन बसवायला स्पेनच्या कंपनीचे दोघे जण आले होते, एक साहेब आणि एक मेकॅनिक. साहेबाला इंग्रजी यायचं, पण तो एका सुट्या भागासाठी मुंबईला गेलेला. मागे राहिला तो मेकॅनिक. "बाई, चला ना जी," बाबा म्हणाले, "त्याचा हात मशीनमंदी आला. डाक्टरले हात नाही लावू देऊन राहिला. तुमचीच भाषा बोलते तो." तुम्ही स्टोव्ह बंद केलात, साडी बदलायला आत गेलात आणि न बदलताच बाहेर आलात.

बीरगांवच्या रस्त्यावरचं ते छोटं हॉस्पिटल. पलंगावर तिशीचा एक माणूस, सावळा, रुंद गालांचा, उजवा हात छातीशी धरून ओरडतोय, आणि कुणी जवळ गेलं की पाय झाडतोय. डॉक्टर घामाघूम झालेले. त्यांनी तुम्हाला भराभर सांगितलं, "दो उंगलियाँ तो गईं, मैडम. तीसरी में जान है कि नहीं, ये वही बता सकता है. नहीं बताया तो तीनों काटनी पड़ेंगी. और रुकने का टाइम नहीं है." तुम्ही मान हलवलीत, पुढे झालात, आणि तुमची ती सुरेख, इस्त्री केलेली माद्रिदची स्पॅनिश बोललात.

तो गप्प झाला. एकदम. ओरडणं थांबलं, पाय थांबले, आणि बाई, तो चक्क उठून नीट बसायला लागला, वर्गात मास्तर आल्यावर पोरं बसतात तसा. "सी, सेन्योरा," म्हणाला. हो, बाईसाहेब. डॉक्टर खूष. "वाह मैडम, जादू कर दिया!" मलाही तेव्हा तेच वाटलं आणि छाती फुगली, या माझ्या बाई म्हणून. डॉक्टरांनी त्याला तोंड फिरवायला सांगितलं आणि सुई टोचली. तुम्ही विचारलंत, कळतंय? "सी, सेन्योरा." दुसऱ्या बोटाला टोचली. "सी, सेन्योरा." तिसऱ्या. "सी, सेन्योरा." मग डॉक्टर कापूस घ्यायला वळले. कुणाचाच हात त्याच्या हाताला लागलेला नव्हता, आणि तुम्ही त्याच आवाजात, सहज विचारावं तसं विचारलंत, आणि आता?

"सी, सेन्योरा."

तुमचा चेहरा उतरला. मी तो इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. "डॉक्टर साहब, रुकिए," तुम्ही म्हणालात, "इसने अभी कुछ नहीं बताया है." डॉक्टर वैतागले, "बता तो रहा है, हाँ बोल रहा है." तुम्ही म्हणालात, "आपके पास गाँव से लोग आते हैं न? कुछ भी पूछिए, 'हव' बोलते हैं. समझ में आया? हव. दर्द है? हव. दर्द नहीं है? हव. ये वही हाँ है." डॉक्टर स्वतः अभनपूरकडच्या खेड्यातले होते. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि सुई खाली ठेवली.

पुढे तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यभर पाहत आले आहे असं म्हटलं तरी चालेल. तुम्ही पायाने स्टूल ओढलंत आणि पलंगापेक्षा खाली बसलात. त्याला त्याचं गाव विचारलंत. तो काहीतरी बोलला, भरभर, अर्धे शब्द गिळत. मला ओ की ठो कळलं नाही. आणि मी पाहिलं, तुम्हालाही कळलं नव्हतं. डॉक्टर, नर्स, कारखान्याचे दोन साहेब, माझे बाबा, सगळे तुमच्या तोंडाकडे बघताहेत, वेळ चाललाय, आणि तुम्ही त्या मेकॅनिकला म्हणालात, मला समजलं नाही. तुझं बोलणं चांगलं आहे, माझ्या कानाला सवय नाही. पुन्हा सांग, हळू. त्याने अविश्वासाने पाहिलं. मग सांगितलं. इक्वेडोर. डोंगरातलं गाव. आई आहे, मका आहे, बटाटे आहेत. तुम्ही म्हणालात, ग्रासियास. जीभ दातांत न धरता. मी दचकलेच. पुढचं वाक्यही तसंच, त्याच्या वळणाने, जरा अडखळत, मी पहिल्या महिन्यात बोलायचे तसं. घरी मी बटाटे घालून ऑम्लेट करते, स्पेनचं, असं तुम्ही सांगितलंत, आणि तो तशा दुखण्यातही म्हणाला, ऑम्लेट त्यांचं असेल, सेन्योरा, बटाटा आमचा आहे. तुम्ही हसलात. तोही हसला. खोलीत बाकी कुणाला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण नर्ससुद्धा हसली.

मग तुम्ही डॉक्टरांना खूण केलीत. पहिलं बोट. "नो." दुसरं. तो थोडा थांबला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नो." तिसऱ्या बोटाला सुई लागली आणि तो केवढ्याने ओरडला! वर एक शिवी हासडली, जी तुम्ही मला कधी शिकवली नव्हती आणि पुढेही कितीदा विचारलं तरी सांगितली नाहीत. डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "जान है!" ते बोट वाचलं, बाई. दोन गेली, पण ते वाचलं. भुलीची सुई देईपर्यंत तुम्ही त्याचा डावा हात धरून बसला होतात आणि तो काय बडबडत होता त्यातलं अर्धंच तुम्हाला कळत होतं, आणि तसं तुम्ही त्याला खुशाल सांगतही होतात.

बाहेर आलात आणि बाकावर बाबांच्या शेजारी धपकन बसलात. कारखान्याचे साहेब तुमच्यासाठी खुर्ची शोधत होते. तुम्ही बाबांना म्हणालात, "भाऊ, मले चक्कर येऊन राहिली जी. जराशी चाय भेटन का?" बाबा उठून पळालेच. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही, त्यांच्या कानांना ते घरचंच. मी मात्र भिंतीला टेकून उभी. ज्या बाईंनी मला एका 'मले'साठी दारात उभं केलं होतं, त्यांच्या आत ती सगळी बोली इतकी वर्षं जशीच्या तशी बसून होती, आणि किती गोड होती!

परतताना ऑटोत मी विचारलं, तो खोटं हो म्हणतोय हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही पदराने कपाळ पुसलंत. मग म्हणालात, "लग्न होऊन आले तेव्हा मी तोंड उघडलं की सासूबाईंच्या पुण्याच्या मैत्रिणी हसायच्या. मग मी नुसतं 'हो' म्हणायला लागले. चहा हवा? हो. बरं वाटतंय? हो. 'हो'मध्ये गाव दिसत नाही ना." एवढंच. पुढच्या सोमवारी तुम्ही पुन्हा 'ग्राथियास'वर आलात आणि माझं 'मले'ही पुन्हा सुधारू लागलात. एका दुपारीत माणूस बदलत नाही, आणि तुम्ही बदललात असं मी म्हणणारही नाही. पण ऑम्लेट उलटता उलटता तुम्ही म्हणालात, "ते सायबर कॅफेतलं गाणं म्हण पाहू." मी म्हटलं, अगदी तिकडच्या उच्चारांत. तुम्ही एकही चूक काढली नाहीत. 'मोलकरणींची स्पॅनिश' हे शब्द मी तुमच्या तोंडून परत कधी ऐकले नाहीत.

माझं पोट आता तुमच्याच भाषेवर चालतं. नव्या रायपूरच्या एका इमारतीत माझा वर्ग आहे, लिफ्ट आहे, आणि स्पॅनिश म्हटल्यावर आता कुणी बैलाचं नाव काढत नाही. उलट ती फार रोमँटिक भाषा आहे म्हणे. हेही मला बैलांइतकंच विनोदी वाटतं, पण फी येते म्हणून गप्प बसते. आज सकाळी एका मोठ्या बिल्डरचा फोन आला. मुलीला पाठवायचंय. त्यांनी विचारलं, "मैडम, असली स्पेनवाली सिखाती हैं न? वो मेक्सिको-वेक्सिको के नौकर लोगों वाली तो नहीं?" माझ्यापाशी उत्तर होतं. तुम्ही त्या स्टुलावर बसलात तेव्हापासून आहे. त्यांना ती सगळी दुपार सांगता आली असती, निदान एवढं तरी सांगता आलं असतं की असली-नकली असं काही नसतं.

मी म्हटलं, "हाँ जी, सर." त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, मी पुन्हा "हाँ जी" म्हटलं. फोन ठेवल्यावर आधी मला माझा तो आवाज ऐकू आला, मग तुमची आठवण आली, आणि तुम्ही आता नाही, हे पत्र कुठेही पोचणार नाही, हे ठाऊक असताना मी लिहायला बसले. माझा तो हो खरा नव्हता, बाई. तो ओळखणारं माणूस तुमच्याशिवाय मला दुसरं कुणी आठवलं नाही.